न घेतलेला नमुना

अनोळखी माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि त्याच्या घशात कापसाची काडी फिरवायची, हे चंपा खरातचं काम होतं. सांगायला सोपं. पण रविवारची सकाळ, गिऱ्हाइकांची रांग, हातात सुरा, पायाखाली पिसं आणि पाणी, अशा वेळी कोंबड्या कापणाऱ्या एखाद्या कटिंगवाल्याला 'जरा आ कर रे बाबा' म्हणून बघावं, म्हणजे कळतं. चंपाला ते जमायचं. घाटकोपरच्या भटवाडीत संसार केलेली बाई. आधी पोलिओचे डोस पाजत फिरली, मग टीबीच्या गोळ्या पोचवत, मग साथीच्या वर्षांत दारोदार ताप मोजत. तोंडावर दार आपटून घ्यायची तिला सवय होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभं राहून 'काय वहिनी, बरंय ना?' म्हणायचीही.

ही नोकरी एका संशोधन संस्थेच्या अभ्यासावरची होती, कंत्राटी. कोंबड्यांचा फ्लू कोंबड्यांत काम करणाऱ्या माणसांत उतरतो का, हे बघायचं. चारकोप, मालाड, इकडे मुलुंड, अशा ठिकाणची चिकनची दुकानं ठरवून दिली होती. ठरलेल्या वेळी जायचं, ताप-खोकला विचारायचा, डोळे बघायचे, घशातला नमुना घ्यायचा, मधूनमधून रक्तही. डॉक्टर अनिरुद्ध दीक्षित नावाचा तरुण डॉक्टर अभ्यासाचं सगळं बघायचा. पहिल्या दिवशी त्यानं चंपाला समजावलं होतं, "ताई, हा आजार माणसात सहज येत नाही. पण येतो तेव्हा पहिल्यांदा यांच्यात येणार, जे रोज कोंबड्या हाताळतात. तिथेच पकडला तर पुढचं टळेल." चंपाला ते पटलं होतं. पटल्याशिवाय तिला कुणाला गळ घालता यायची नाही.

संध्याकाळी घरी गेली की तिची मुलगी श्रुतिका दारातच म्हणायची, "आई, कपडे बाहेर काढ. पूर्ण कोंबडीचा वास मारतोय." चंपा हसून मोरीत शिरायची.

चारकोपला पहिले काही आठवडे कुणी दाद दिली नाही. "आम्हाला काय धाड भरलीय? लहानपणापासून हेच करतोय." एक मालक तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही असं पांढरा कोट घालून दुकानात उभ्या राहिलात तर माझं गिऱ्हाईक पळेल." तेव्हापासून चंपानं कोट पिशवीत ठेवायला सुरुवात केली. साध्या साडीत जायची, बाजूच्या टपरीवरचा चहा मागवायची, पिंजऱ्यांच्या शेजारी उपड्या क्रेटवर बसून गप्पा मारायची.

तिला पहिला हो म्हणणारा माणूस अंबादास. अंबादास गायकवाड, सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या दुकानात कटिंगला होता. पस्तिशीचा, सडपातळ, हात विलक्षण चपळ. बोलता बोलता तो परतूरचा निघाला आणि चंपाचं माहेर मंठ्याचं.

"म्हणजे आपण शेजारीच की ताई," तो म्हणाला.

"मग शेजारधर्म म्हणून तरी आ कर."

त्यानं हात धुतले आणि तोंड उघडलं. काडी घशाला लागताच त्याला उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, दुकानातली बाकीची माणसं खो खो हसली. तो पण हसला. मग रक्ताची वेळ आली तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, यात काही निघालं तर?"

"तर आधी तुला सांगणार. तुझं नाव कुठं जाणार नाही. औषध मिळेल, उपचार होईल."

"नक्की?"

"नक्की," चंपा म्हणाली. तिला तसंच सांगितलं गेलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वास होता.

अंबादासनं नमुने दिल्यावर बाकीचे तयार झाले. त्याच दुकानात काशीराम म्हणून एक होता, पन्नाशी ओलांडलेला, कणकवलीकडचा. बायको-मुलं गावाला, हा इथे एकटा खोली करून राहायचा. टेम्पोतून माल उतरवायचा, पिंजरे धुवायचा. तो कुरकुरत तोंड उघडायचा. "काय ता एकदाचा कर आणि जा गो बाये," म्हणायचा, आणि मग स्वतःच टपरीवाल्याला हाक मारून चंपासाठी चहा सांगायचा. वर्ष-दीड वर्षात त्या सगळ्या पट्ट्यात चंपाताई हे नाव झालं. एकाचं बीपी तिनं दाखवून आणलं, दुसऱ्याच्या मुलीला सरकारी दवाखान्यात चष्मा मिळवून दिला. अंबादासच्या घरीही ती दोनदा जेवून आली होती. त्याची बायको सपना सेक्टरमधल्या सोसायट्यांत पोळ्या करायची. मोकळ्या मनाची, बडबडी बाई. भाकरी वाढताना म्हणाली होती, "ताई, माहेरचं कुणी आलं असं वाटतं तुम्ही आलात की."

त्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका पोल्ट्रीत कोंबड्या मरायला लागल्या. हजारो पक्षी मारून खड्ड्यात पुरले, ते टीव्हीवर दाखवलं. दुकानांवर गिऱ्हाईक रोडावलं, मग आठवड्याभरात लोक विसरले आणि पुन्हा रांगा लागल्या. पण एके सकाळी टेम्पोतून उतरवलेल्या पिंजऱ्यांत काही कोंबड्या मेलेल्या निघाल्या. मालकानं त्या पोत्यात भरून लांब टाकायला लावल्या. हे चंपाला अंबादासनंच फोन करून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर काही दिवस त्याचे डोळे लाल होते, अंग मोडून आलं होतं, मग आपोआप बरा झाला, तेही त्यानंच सांगितलं. चंपानं डॉक्टरांना कळवलं, सगळ्यांचे नमुने घेतले. घशाच्या नमुन्यांत कुणाच्याच काही निघालं नाही.

रक्ताचा निकाल बऱ्याच उशिरानं आला. अनिरुद्धनं तिला ऑफिसात बोलावून घेतलं, दार लावलं.

"अंबादासच्या रक्तात खुणा सापडल्यात. त्याला हा संसर्ग होऊन गेलाय."

चंपानं पुढे सरकून विचारलं, "म्हणजे आता?"

"आता काही नाही. तो बरा झालाय. त्याच्यापासून कुणाला धोका नाही. पण वर कळवावं लागलं, आणि घरच्यांची तपासणी करायचा आदेश आलाय. आजच."

"सर, मी आधी जाऊन त्याला सांगते. मी शब्द दिलाय. उद्या सकाळी शांतपणे सगळ्यांचे नमुने घेऊ."

"माझ्या हातात असतं तर तेच केलं असतं. गाडी येऊन उभी आहे ताई."

चंपानं अंबादासला फोन लावला. दुकानात गर्दीच्या वेळी त्याचा फोन आतल्या फळीवर पडलेला असायचा. रिंग वाजून वाजून बंद झाली. तिनं सपनाला लावला. तीही कुणाकडे तरी पोळ्या करत असणार. शेवटी चंपा गाडीत बसली. वाटेत तिनं परत विषय काढला, निदान साध्या कपड्यांत जाऊ, मास्क लावू, हातमोजे घालू. सोबत आलेला अधिकारी म्हणाला, नियम म्हणजे नियम, पूर्ण पोशाख घालावाच लागेल. गाडीतच सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख चढवले. चंपानंही चढवला.

वस्ती औद्योगिक वसाहतीच्या मागे होती. गाडी आत जात नव्हती, म्हणून रस्त्यावर उभी करून ते गल्लीतून चालत गेले. पांढरी माणसं बघून पोरं आधी ओरडत मागे धावली, मग बायकांनी त्यांना ओढून घरात घेतलं. दारादारांतून मोबाइल वर झाले. काही वर्षांपूर्वीची साथ कुणी विसरलेलं नव्हतं. असे पोशाख आले की पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अंबादास नुकताच दुकानातून येऊन दारात पाय धूत होता. सपनानं कुकर लावला होता. तिनं पांढऱ्या माणसांकडे बघितलं आणि चष्म्याच्या काचेमागचे डोळे ओळखले.

"ताई, तुम्ही?"

अनिरुद्धनं पुढे होऊन नीट, हळू आवाजात समजावलं. आजार होऊन गेलाय, धोका नाही, फक्त खात्री करायचीय. तो मनापासून बोलत होता. पण गल्लीत त्याचे शब्द कुणाला ऐकू जात नव्हते, दिसत होतं ते सगळ्यांना. अंबादास आणि सपना, दोन मुलं, एकेकानं पाळीपाळीनं तोंड उघडलं. धाकटी रडायला लागली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, तो कुणी बंद केला नाही.

निघताना अंबादास एवढंच म्हणाला, "आधी मला सांगणार होता तुम्ही."

घरातल्या कुणालाच काही निघालं नाही. चंपा ते सांगायला धावत गेली, पण तोवर व्हिडिओ सगळ्या सेक्टरमध्ये फिरला होता. चौथ्या गल्लीत बर्ड फ्लूची फॅमिली सापडली, असं खाली लिहिलेलं. सपना जिथे पोळ्या करायची तिथल्या एका बाईनं फोनवर सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस. दुसरीनं तेवढंही सांगितलं नाही. वॉचमननं तिला गेटवरच थांबवलं. दुकानाच्या मालकानं अंबादासला बाजूला घेतलं, "माझं तुझ्याशी काही नाही रे, पण धंद्याची वाट लागेल." सार्वजनिक नळावर सपनाचा हंडा लागला की बायका आपले हंडे मागे घ्यायच्या. मुलांना शाळेतून सांगण्यात आलं, डॉक्टरांचा दाखला आणा. दाखला आणला, तरी त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसेना.

चंपानं हातपाय मारले. अनिरुद्धला घेऊन ती सपनाला अडवणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली. गृहस्थांनी बसवलं, सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं ते कागदी ग्लासातून. "तुमचं म्हणणं बरोबर असेल डॉक्टर," ते म्हणाले, "पण मी लोकांना काय सांगू? इथे म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. थोडं थंड होऊ द्या." बाहेर आल्यावर अनिरुद्ध गेटपाशी थांबला. मग म्हणाला, "ताई, आपण जे शोधायला निघालो होतो ते सापडलं. मला वाटलं होतं, सापडलं की काहीतरी चांगलं होईल."

चंपाला त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती. आणि स्वतःविषयी जे वाटत होतं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं.

आता ती चारकोपला गेली की दुकानांतली माणसं मागच्या बाजूला पसार व्हायची. गल्ल्यावरचा मालक मान खाली घालून म्हणायचा, "आज कोणी नाही." आत सुऱ्याचा खटखट आवाज चालू असायचा. एक पोरगा, जो कालपर्यंत तिला मावशी म्हणायचा, तो स्पष्ट म्हणाला, "जा ना मावशी. लोक बघतायत." टपरीवाल्यानंही चहा द्यायचं बंद केलं. मालाडला तेच, मुलुंडला तेच. बातमी तिच्या आधी पोचलेली होती. पिशवीत नमुन्याच्या नळ्या जशाच्या तशा घेऊन ती मेट्रोनं परत यायची, डहाणूकरवाडीहून घाटकोपरपर्यंत, कुणाशी न बोलता.

अशाच एका दुपारी तिला काशीराम दिसला. दुकानाच्या मागे, धुतलेल्या पिंजऱ्यांच्या आडोशाला, उन्हात बसला होता. अंगावर चादर. चैत्राचं ऊन, आणि हा कुडकुडत होता. डोळे तांबारलेले. खोकला आला की छाती धरायचा.

"काशीराम, ताप किती दिवस आहे?"

"माका काय जाला नाय."

"अरे, दिसतंय मला. मेलेल्या कोंबड्या आल्या होत्या का परत?"

त्यानं दुकानाच्या मागच्या दाराकडे बघितलं, मालक नाही ना ते.

"मी पोशाख घालून येणार नाही. कुणाला कळणार नाही. एक काडी फक्त. नाहीतर माझ्यासोबत दवाखान्यात चल, मी रिक्षा करते. आत्ता. लवकर औषध मिळालं तर उतरेल."

"त्या अंबादासचा काय जाला ता बघलंय मी," काशीराम म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. "गावाक चार तोंडा हत माझ्यार. माझा काम गेला तर ती काय खातली? तू जा. तुका हात जोडतंय."

त्यानं खरंच हात जोडले. चंपाला तिथून उठावं लागलं.

तिनं अनिरुद्धला सांगितलं. त्यानं लगेच वर विचारलं. उत्तर आलं, माणूस स्वतः तयार नसेल तर नमुना घेता येणार नाही, आणि जबरदस्ती केली तर उरलेले सगळेच हातचे जातील. मग चंपाला एकच माणूस आठवला ज्याचं काशीराम ऐकायचा. ती अंबादासच्या घरी गेली. सपना तिला बघून आत निघून गेली. अंबादास कुठेतरी हमाली करून आला होता, खांद्याला फडकं गुंडाळलेलं.

"तू सांगून बघ त्याला," चंपा म्हणाली.

"मी? कुठल्या तोंडानं सांगू ताई? नमुना दे, म्हणजे तुझंही माझ्यासारखं होईल, असं सांगू?"

"तो मरेल रे."

अंबादास बराच वेळ फडक्याशी चाळा करत बसला. मग उठला आणि चप्पल घालून गेला. चंपा दाराबाहेर पायरीवर बसून राहिली. सपनानं आतून दिवा लावला, पण तिला आत ये म्हणाली नाही. तासाभरानं अंबादास परत आला.

"दार उघडलं नाही त्यानं. आतून म्हणाला, तू लांब रहा, तुला माझ्या खोलीपाशी बघितलं तर माझंही नाव होईल."

पुढे काय झालं ते चंपाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काशीराम गल्लीतल्या एका डॉक्टरकडे गेला होता. काय काम करतोस विचारलं तेव्हा त्यानं रंगकाम सांगितलं. डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं, रंगाचा वास टाळ म्हणाला. दोन-तीन दिवसांत त्याला श्वास घेता येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात नेलं, आणि तिथेही त्यांनी रंगकामच सांगितलं, कारण त्यानं त्यांना तशी शपथ घातली होती. न्यूमोनिया, एवढं निदान झालं. ऑक्सिजन लावला. त्या वॉर्डात न्यूमोनियाचे बरेच जण होते, त्यातला हा एक रंगारी.

चंपाला निरोप मिळाला तो अंबादासकडून. ती पोचली तेव्हा खाट रिकामी होती आणि आया चादर बदलत होती. आदल्या दिवशीच गावाहून आलेला भाऊ प्रेत घेऊन गेला होता, इथेच अंत्यसंस्कार उरकून, अस्थी घेऊन रात्रीच्या गाडीनं परतही जाणार होता. चंपानं ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"त्यांच्या घशातला नमुना घेतला होता का?"

"कशासाठी?"

"फ्लूसाठी. कोंबड्यांच्या."

बाईंनी तिच्याकडे नवलानं बघितलं. "पेंटर होते ना ते?"

"नाही," चंपा म्हणाली. "चिकनच्या दुकानात होते."

त्यांच्या मागे खुर्ची होती, बाई तिच्यात बसल्या. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर वेगळं औषध सुरू केलं असतं." वॉर्डात कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, पण त्या लगेच उठल्या नाहीत.

काशीरामला तोच आजार होता की साधा न्यूमोनिया, की इतक्या वर्षांची विडी, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. अनिरुद्धनं इकडे तिकडे फोन केले. रुग्णालयात रक्ताचा काही भाग राखलेला असेल तर, असं त्याला वाटत होतं. नव्हता. संस्थेच्या बैठकीत त्यानं काशीरामचा विषय काढला तेव्हा वरिष्ठांनी विचारलं, पुरावा काय? आणि पुरावा नव्हता. अभ्यासात त्या वर्षी एक संसर्ग सापडला, मृत्यू शून्य. उन्हाळा संपायच्या आत अभ्यास बंद झाला. नमुने द्यायला पुरेशी माणसं मिळत नाहीत, असं कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. अनिरुद्धला दुसऱ्या शहरात जागा मिळाली. जाताना तो चंपाला भेटायला भटवाडीत आला, श्रुतिकानं केलेले पोहे खाल्ले, आणि निघेपर्यंत दोघांपैकी कुणीही कामाविषयी बोललं नाही.

चंपा शेवटची चारकोपला गेली ती अंबादासला भेटायला. खोली रिकामी करायचं चाललं होतं. गाद्या दोरीनं बांधलेल्या, भांडी पोत्यात. मुलं पोत्यावर बसली होती. सपनानं या वेळी तिला पाणी दिलं. चंपा प्यायली.

"कुठं चाललात?"

"चेंबूरला," अंबादास म्हणाला. "तिकडे ओळखीचं कुणी नाही." मग जरा थांबून म्हणाला, "दुकानातच लागलोय. कटिंगला. दुसरं येत नाही मला काही."

"सांगितलंस त्यांना?"

"काय सांगणार?"

मुलगी पोत्यावरून उतरून सपनाला चिकटली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता.

"ताई, काशीरामला तेच झालं होतं का?"

"माहीत नाही."

"म्हणजे कळेल ना, पुढंमागं?"

"नाही रे. कधीच नाही कळणार."

त्यानं मान हलवली. गादीची दोरी पुन्हा घट्ट केली, जी आधीच घट्ट होती. सपना म्हणाली, "मी तुम्हाला शिव्या देत नाही ताई. पण एक ऐका. तिकडे येऊ नका. वाटेत दिसलात तरी ओळख देऊ नका."

"सपना," अंबादास म्हणाला.

"नाही, बोलू दे तिला," चंपा म्हणाली. "नाही येणार मी."

पुढच्या महिन्यात तिला डेंग्यूच्या मोहिमेवर घेतलं. कुंड्यांखालच्या बशा बघायच्या, टाक्यांची झाकणं उघडायची. लोक तिला घरात घेतात, काही जण सरबतसुद्धा देतात. तिच्या वाटणीला आलेला विभाग चेंबूरचा होता. तिनं साहेबांना सांगून तो बदलून घेतला. का, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, लांब पडतं. खरं तर घाटकोपरहून चेंबूर जवळच आहे.